बुवांच्या चार बाटल्या

नव्वदीच्या दशकात काही वर्षं मी तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात नर्स होते. कापड रंगवायचे रंग तिथे बनत. गेटमधून आत आलं की डाव्या हाताला माझी खोली. आत एक खाट, एक कपाट, स्पिरिटचा दिवा आणि टेस्ट ट्यूबचा लाकडी स्टँड. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी पनवेलहून स्कूटरवर येत, तास-दीड तास बसत. बाकीचा आठवडा सगळ्यांच्या दुखण्याखुपण्याची मालकीण मीच.

माझं तोंड जरा फटकळ. हातमोजे खिशात ठेवून कुणी हात भाजून घेतला, की औषध लावायच्या आधी मी त्याची खरडपट्टी काढत असे. "सिस्टर, मलम राहू द्या, शिव्यांनीच निम्मं बरं वाटलं," असं एकानं मला तोंडावर सांगितलं होतं. मला ते कौतुकच वाटलं.

माझी बोलणी कधीच न खाल्लेला एकच माणूस त्या कारखान्यात होता. त्यांना सगळे बुवा म्हणत. साताऱ्याकडचे, चाळिशीचे, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले, गळ्यात तुळशीची माळ. दारू नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा नाही. त्यांचं काम फिल्टर प्रेसवर, म्हणजे रंग गाळायच्या यंत्रावर होतं. प्रेस उघडायचा, आत साचलेला रंगाचा ओला चिखल फावड्यानं ओढायचा आणि ट्रॉली भरायची. आठ तास गमबुटात, पाण्यात. सहा वर्षं ते कंत्राटदाराकडे होते, म्हणजे कंपनीच्या लेखी ते नव्हतेच.

त्या वर्षी कंपनीनं कंत्राटी माणसांपैकी बारा जणांना कायम करायचं ठरवलं. अटी दोन होत्या. हजेरी सलग हवी, आणि डॉक्टरांनी 'फिट' असं लिहायला हवं. बुवांचं नाव यादीत होतं. बायको आणि दोन मुली गावी होत्या. "एकदा परमनंट झालो की पोरींना हितल्या शाळंत घालतो," हे त्यांनी मला कितीदा तरी सांगितलं असेल, कारण महिनाभर ते रोज माझ्याकडे येत होते. उजव्या पायाच्या अंगठ्याला गमबूट चावून जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. मी ती धुवायची, पट्टी बांधायची आणि म्हणायची, "बुवा, पाय कोरडा ठेवा." आठ तास पाण्यात उभ्या राहणाऱ्या माणसाला मी हे सांगत होते, आणि तेही मान डोलवत होते.

तपासणीच्या दिवशी मी बारा बाटल्या वाटल्या. टॉनिकच्या रिकाम्या, उकळून घेतलेल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नाव. लघवी कशासाठी तपासायची ते मी कुणाला सांगितलं नाही. ह्यांना काय करायचंय, असं मला वाटलं असणार. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

साखरेची तपासणी त्या काळी सोपी होती. ट्यूबमध्ये निळं द्रावण घ्यायचं, त्यात आठ थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. साखर असेल तर रंग हिरवा, पिवळा, नारिंगी असा चढत जातो आणि फारच असेल तर विटेसारखा लाल होतो. पहिल्या आठ ट्यूब निळ्या राहिल्या. नववी लाल झाली. दहावी लाल, अकरावी लाल. द्रावण बिघडलं असेल म्हणून मी स्वतःची तपासून पाहिली, ती निळी. बारावीही लाल झाली तेव्हा मी दिवा विझवला आणि चिकटपट्ट्या नीट वाचल्या. एक बाटली बुवांची, तीन प्रेसवरच्याच तिघांची. चारही अगदी एका रेघेपर्यंत भरलेल्या. मी चौघांना बोलावणं धाडलं.

त्या तिघांतला एक तळोज्याजवळच्या गावचा आगरी गडी, उंच आणि बोलघेवडा. दुसरा बुवांच्या तालुक्यातला, झुबकेदार मिशीवाला. तिसरा इतका कमी बोलायचा की त्याचा आवाज मला आज आठवत नाही. तिघंही पगार झाला की 'बसणारे'.

"या बाटल्या कुणाच्या?" मी विचारलं.

"ज्याच्या त्याच्या," मिशीवाला म्हणाला.

"अस्सं. मग चौघांना एकाच दिवशी, एकाच मापाचा मधुमेह झालाय. आजपासून भात बंद, गोड बंद, आणि रोज सुई."

सुईचं नाव काढताच आगरी गडी फुटला. "सुई कशाला, सिस्टर? ती माजी नायच. ती बुवांची हाय."

मग सगळं बाहेर आलं. दारू प्यायली की आठ दिवस ती लघवीत दिसते आणि कंपनी तेच बघणार आहे, अशी कारखानाभर आवई उठली होती. तिघं घाबरून गेले. "मंग जायाचं कोनाकं? सगल्या डिपार्टमेंटमदी चोखा मानूस एकच," आगरी गडी म्हणाला.

बुवा मान खाली घालून उभे होते. "पोरांच्या पोटाचा सवाल हुता, सिस्टर. आन् मला काय जड? चार बाटल्या एका दमात भरत्यात."

एका दमात चार बाटल्या? रात्री किती वेळा उठता, मी विचारलं. चार-पाचदा. तहान? निजताना भरून ठेवलेला तांब्या उजाडायच्या आत रिकामा होतो म्हणे. आणि वजन? "पट्टा दोन भोकं आत गेलाय. म्हटलं, कामानं झडलो आसंल."

मी स्टुलावर बसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. महिनाभर ती जखम मी रोज हातात धरत होते, आणि साखर तपासावी असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. तालमीतला माणूस, माळकरी, ह्याला काय होणार? हाच पाय एखाद्या पिणाऱ्याचा असता तर मी पहिल्याच आठवड्यात त्याला डॉक्टरांपुढे उभा केला असता. त्याची लाज मला आजही वाटते.

"ही तर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली," मिशीवाला पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी तिघांनी आपापल्या खऱ्या बाटल्या आणल्या. तिन्ही ट्यूब निळ्याशार. मग मिशीवाल्यानं खिशातून चौथी बाटली काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर बुवांचं नाव होतं.

"त्यांनी आमच्यापायी दिली, आता आमी त्यांच्यापायी देतो. तुमी फकस्त निळं लिवा, सिस्टर."

बुवा दारात उभे होते. ते नुसते माझ्या हाताकडे बघत राहिले. मी लगेच 'नाही' म्हणाले नाही, हे इथं कबूल करते. त्यांच्या मुली मी कधी पाहिल्या नव्हत्या, पण त्या क्षणी त्याच डोळ्यांपुढे होत्या. मग मी बुवांना खाटेवर बसवलं, पट्टी सोडली आणि तिघांना जवळ बोलावलं. जखमेची कड काळी पडायला लागली होती.

"नीट बघा," मी म्हटलं. "मी निळं लिहिलं तर बुवा कायम होतील. मग कुणी औषध देणार नाही, आणि थोड्या दिवसांत हा पाय घोट्यापासून कापावा लागेल. चालेल?"

मी ती बाटली बेसिनमध्ये ओतली आणि नळ सोडला.

शुक्रवारी डॉक्टरांनी पाय पाहिला. गोळ्या लिहून दिल्या, खाणं ठरवून दिलं, आणि बजावलं की दोन महिने हा पाय बुटात आणि पाण्यात जाता कामा नये. कागदावर त्यांनी 'अनफिट' लिहिलं नाही. 'दोन महिन्यांनी फेरतपासणी' असं लिहिलं आणि तोवर जागा राखून ठेवायला सांगितलं. त्यांच्या हातात तेवढंच होतं. पण कंत्राटी माणसाला आजारपणाची रजा नसे. बुवा घरी बसले तर हजेरी तुटणार आणि कामावर आले तर पाय जाणार.

मी तरातरा पर्सोनेल ऑफिसरकडे गेले. तो माणूस वाईट नव्हता. "सिस्टर, आजारी पडायची सोय कायम झालेल्यांना आहे," तो म्हणाला. "आधी कायम तर होऊ द्या."

"म्हणजे बरं व्हायला आधी कायम व्हायचं, आणि कायम व्हायला आधी बरं व्हायचं?"

"तसंच आहे खरं," तो म्हणाला आणि त्यानं माझ्यासाठी चहा मागवला. तो चहा मी प्यायले नाही. एवढा एक राग मला काढता आला.

सोमवारी दुपारी गेटवरच्या फळीवर पाहिलं तर बुवांचा पितळी बिल्ला हजर असणाऱ्यांच्या रांगेत लटकत होता. माझं डोकंच फिरलं. हा माणूस ऐकत नाही म्हणजे काय? त्यांना ओढून बाहेर काढायचं ठरवूनच मी प्रेसवर गेले. तिथे आगरी गडी फावडं चालवत होता. त्याची स्वतःची पाळी सकाळची, ती कधीच संपलेली.

"बुवा कुठं आहेत?"

"हे काय, हितंच हाय," तो म्हणाला आणि त्यानं आपल्याच छातीवर हात ठेवला.

तिघांनी दिवस वाटून घेतले होते. सकाळची आपली पाळी करायची आणि ज्याचा दिवस असेल त्यानं दुपारची बुवांची करायची. मुकादम पाळीला फक्त डोकी मोजायचा. तोंडं तो एरवी बघत असेल, त्या दोन महिन्यांत त्यानं बघितली नाहीत.

बाटली खोटी निघाली तेव्हा मी ती बेसिनमध्ये ओतून टाकली होती. इथं मी मुकाट्यानं वळले आणि खोलीत येऊन बसले. बरोबर केलं का? मला ठाऊक नाही. सोळा-सोळा तास ओल्यात उभ्या राहणाऱ्या माणसाचा पाय कधी घसरेल याचा नेम नसतो, आणि तिथे घसरणं म्हणजे काय ते मी रोज बघत होते. एके दिवशी मिशीवाल्याला चक्कर आली. त्याला खाटेवर आडवा केला, साखरमीठ-पाणी पाजलं आणि म्हटलं, बास झालं आता, घरी जा. "आज बुधवार, सिस्टर," तो डोळे मिटूनच म्हणाला, "आज त्यांची पाळी माज्याकडं हाय." तासाभरानं तो उठून परत गेला. मी अडवलं नाही, आणि पाळी सुटेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

मला जमेल तेवढं मी केलं. कंपनीची बस सानपाड्याला माझ्या घराकडे जायची, मी मध्येच कळंबोलीला उतरायची. तिथे सहा जणांच्या एका खोलीत बुवा पाय गोधडीवर ठेवून पडलेले असत. मी पट्टी बदलायची, गोळ्या मोजून बघायची आणि पुढची बस पकडायची. घरी नवऱ्याला ओव्हरटाइम सांगितला होता.

"माज्या नावानं दुसरा राबतोय," बुवा एकदा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "भाकर गिळवत न्हाई, सिस्टर."

"फार उत्तम. तुम्हाला भाकरी मोजूनच खायची आहे."

ते हसले. मलाही रडायला यायच्या आत मी पिशवी उचलली.

दोन महिन्यांनी, एका शुक्रवारी, बुवा माझ्या खोलीत आले. बाटली या वेळी माझ्या खोलीसमोरच्या संडासात जाऊन त्यांनी स्वतः भरली. डॉक्टर शेजारी उभे असताना मी ट्यूब दिव्यावर धरली. ती उकळली आणि निळीच राहिली. अंगठ्यावर नवी कातडी आली होती. डॉक्टरांनी पर्सोनेलमधून आलेला हजेरीचा कागद पाहिला. एकही दिवस खाडा नव्हता. मग त्यांनी बुवांची पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवली. प्रेसवरच्या प्रत्येकाच्या पोटरीवर गमबुटाच्या काठाचा काळपट वळ असतो. बुवांच्या पोटरीवर तो पार पुसला गेला होता.

"रोज कामावर होता का हो?" डॉक्टरांनी विचारलं.

बुवा आयुष्यात तोंडानं खोटं बोललेले मला माहीत नव्हते. त्यांनी तोंड उघडलं.

"हो," मी म्हटलं. "रोज."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "असली जखम भरायला औषधापेक्षा विश्रांती जास्त लागते, सिस्टर," ते म्हणाले. "ती ह्यांना कुणी दिली, ते मी विचारत नाही." आणि त्यांनी 'फिट' लिहून सही केली.

कागद हातात घेऊन बुवा बाहेर गेले. भिंतीला पाठ टेकून तिघं त्यांचीच वाट बघत बसले होते, पण बसल्या बसल्या त्यांना झोप लागली होती. आगरी गड्याचं तोंड उघडं, मिशीवाल्याचं डोकं त्याच्या खांद्यावर, तिसऱ्याच्या पायात अजून गमबूट. मला वाटलं, आता बुवा त्यांना हलवून उठवतील. त्यांनी उठवलं नाही. ते त्यांच्या शेजारी जमिनीवर टेकले, कागद छातीशी धरला, आणि त्यांची झोप पुरी होईपर्यंत तसेच बसून राहिले.