टाळ्यांनी मंजूर झालेलं गायरान

आमच्या गावात ठराव हात वर करून मंजूर होत नाही, टाळ्यांनी होतो. ग्रामसेवक विषय वाचतो, सरपंच "मान्य हाय ना?" असं विचारतो, पुढच्या खुर्च्यांवरचे टाळ्या वाजवतात आणि त्यांचं बघून मागचे वाजवतात. ही पद्धत कुणी पाडली ते ठाऊक नाही. सप्ताहात, सत्काराला, पोरांच्या बक्षीस समारंभाला आम्ही टाळ्या वाजवतोच, तशाच ग्रामसभेतही.

कायद्यात टाळ्या कुठंच नाहीत, हे मी पाटसच्या चहाच्या टपरीवर कितीतरी जणांना ऐकवलं आहे. कायद्याचं मला भारी वेड. ग्रामसभा सगळ्यांना खुली असते, विषय आधी फळ्यावर लावावे लागतात, कुणीही उठून प्रश्न विचारू शकतो, असं मी कुरकुंभच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत बिहारी पोरांनाही हिंदीतून सांगायचो. ती बिचारी डबा संपेपर्यंत माना हलवायची. बायको म्हणायची, "एवढं येतं तर सभेला जात का न्हाई?" मी म्हणायचो, शिफ्ट असते.

त्या सभेच्या दिवशी मात्र सुट्टी निघाली. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आप्पांनाही उठवलं. आप्पा म्हणजे माझे वडील. आमची जात मेंढपाळाची. आजोबांच्या काळापर्यंत कळप घेऊन कोकणात उतरणारी माणसं आम्ही, आता उसाची शेती करतो. पण आप्पांनी थोडी मेंढरं राखली होती. रोज सकाळी ती घेऊन गावाच्या गायरानात जायचं आणि उन्हं कलल्यावर परतायचं, एवढंच त्यांचं जग. सभेला यायला ते तयार नव्हते. "तितं माजं काय काम?" म्हणाले. मी त्यांना हक्कावर एक छोटं भाषण दिलं. शेवटी काठी घेऊन निघाले, बहुतेक भाषण थांबावं म्हणूनच.

सभा शाळेच्या पटांगणात होती. कंपनीत परमनंट असल्यामुळं मला पुढची खुर्ची मिळाली. आप्पा मागं सतरंजीवर बसले, बायकांच्या आणि बौद्धवस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या शेजारी. ग्रामसेवक एकसुरी आवाजात विषय वाचू लागला. तेवढ्यात मोबाइलवर आमच्या शिफ्टच्या ग्रुपमध्ये ओव्हरटाइमवरून भांडण पेटलं आणि मी त्यात उतरलो. कंपनीत रोज कामाआधी सेफ्टीचं भाषण होतं, शेवटी सगळे टाळ्या वाजवतात. तिथं मी कित्येक वर्षं न ऐकता टाळ्या वाजवत आलोय. इथंही आजूबाजूला टाळ्या सुरू झाल्या की माझे हात आपोआप चालायचे आणि मग परत मोबाइल.

घरी येताना आप्पांनी विचारलं, "झाली का रं सभा चांगली?" मी म्हणालो, "झकास."

काही दिवसांनी आप्पा मेंढरं घेऊन भर सकाळी परत आले. गायरानात मोजणीची माणसं आली होती. खुंट्या ठोकत होती, चुन्याच्या रेघा मारत होती. सोलरच्या प्रकल्पाला जागा द्यायची ठरली होती, सगळं गायरान. "मेंढरं हिकडं आणू नगा आता," असं त्यांनी आप्पांना सांगितलं होतं. आप्पा दारात उभे राहून परत परत एकच विचारत होते, "कुणाला इचारून दिलं?"

मी तडक ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक म्हणाला, "ग्रामसभेत ठराव झालाय. तुमी हुता की सभेला." मी चक्रावलो. मला असला विषय आठवतच नव्हता, म्हणजे तो झालाच नसणार. इतकं सरळ गणित होतं माझं! घरी येऊन मी तावातावानं अर्ज लिहिला. ग्रामसभेला अंधारात ठेवून गायरान दिलं, विशेष ग्रामसभा घ्या. आप्पांची सही पहिली घेतली, मग वस्तीवस्तीवर फिरून बाकीच्यांच्या. ज्यांच्या शेळ्या गायरानात चरायच्या त्या सगळ्यांनी केल्या. "माज्या पोरानं आसा अर्ज लिवलाय," असं सांगत आप्पा दोन गल्ल्या फिरून आले, आणि ते मला आवडलंही.

विशेष सभेला तोबा गर्दी झाली. सरपंच तरुण आहे, तोंडाचा गोड. तो म्हणाला, "अंधारात काय बी न्हाई केलं. सभेचं शूटिंग करायचा नियम हाय आन् आमी केलंय. बघा तुमीच." शाळेचा टीव्ही बाहेर ओढून आणला होता. त्यावर मागची सभा सुरू झाली. ग्रामसेवकाचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. सोलर प्रकल्प, गायरान, गट नंबर, सगळं. "मान्य हाय ना?" आणि टाळ्या.

सरपंचानं चित्र तिथंच थांबवलं. मागच्या रांगेत आप्पा दिसत होते, दोन्ही हात टाळीत जुळलेले. "आप्पा, ह्ये तुमीच ना? तुमीच टाळ्या वाजवल्या आन् तुमीच म्हंता आंधारात केलं?"

सगळं पटांगण हसलं. कुणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्यानं मेंढरांच्या वतीनं वाजवली आसंल!" आणखी हसू. आप्पा टीव्हीकडं बघत होते.

मी पण टीव्हीकडं बघत होतो, कारण त्या चित्रात मी होतो. पुढच्या खुर्चीवर, मोबाइल काखेत दाबून टाळ्या वाजवणारा. आणि आप्पा ग्रामसेवकाकडं बघत नव्हते, सरपंचाकडं बघत नव्हते. मान उंच करून ते माझ्याकडं बघत होते. माझे हात जुळले तसे त्यांनी जुळवले होते. हे बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी दुसऱ्यांना किती वेळा ऐकवली असेल! उठावं आणि म्हणावं की चूक माझी आहे, असं वाटत होतं, पण मी खुर्चीतच बसून राहिलो.

आप्पा उठले. काठीवर भार देऊन म्हणाले, "वाजवली म्या टाळी. मला ऐकू येत न्हाई."

हसणं थांबलं. मला हे माहीत नव्हतं. ते प्रश्नाला भलतंच उत्तर द्यायचे, हाक मारली तर वळायचे नाहीत, घरात आम्ही त्याला तिरसटपणा म्हणायचो. ज्या माणसानं ही गोष्ट घरच्यांपासून लपवली, त्यानं ती अख्ख्या गावासमोर सांगितली. "पोराचं बघून वाजवली," एवढं म्हणाले असते तर सुटले असते. ते म्हणाले नाहीत.

मग बौद्धवस्तीतली एक म्हातारी बसल्या जागेवरून बोलली, "माजं कान चांगलं हायती. पर मला बी न्हाई ऐकू आलं. कर्णा फुडं आन् आमी मागं. फुडल्यांनी वाजवली म्हनून आमी वाजवली." मागून बायकांचा गलका झाला, व्हय व्हय, आमी बी. सरपंचाचा चेहरा उतरला. कर्णा मागं फिरवला गेला, विषय पुन्हा सावकाश वाचला गेला. "मान्य हाय ना?" या वेळी कुणी हात हलवला नाही. शेवटी ठराव स्थगित केला आणि पुढच्या सभेत हात वर करून मतं घ्यायची ठरलं. गायरान वाचलं असं नाही, पण तोवर मेंढरं तिथं जाणार होती.

लोक येऊन माझी पाठ थोपटत होते. अर्ज भारी लिहिला म्हणाले. मी हसत होतो, आणि मला माझीच किळस येत होती.

घराच्या वाटेवर आप्पा थांबले. माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, "मागल्या सभेला तू तर फुडं बसला हुतास. तुला तरी आलं आसंल की ऐकू?"

"न्हाई, आप्पा."

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला ऐकू यावं म्हणून तोंड माझ्या कानाजवळ आणलं आणि मोठ्यानं म्हणाले, "कंपनीतल्या मशिनींनी कान गेलं आसतील तुजं. माजं बी आसंच सुरू झालं हुतं. लपवू नगंस माज्यावानी. उद्या दौंडला जाऊन कान दाखवून ये."

मी मान हलवली.