रोझाबाईनं उचलून नेलेलं ताट

देगलूरहून नांदेड, नांदेडहून रेल्वेनं हैदराबाद आणि तिथून विमानानं इटली. मी चौथी शिकलेली बाई. हिंडायची हौस म्हणून गेले नव्हते. माझी लेक सुनंदा तिकडं नर्स आहे. तिच्या बाळंतपणाला मला जाता आलं नाही. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या रोझाबाईनं तिला महिनाभर रांधून घातलं. त्या बाईला भेटायचं होतं. तिच्यासाठी लातूरच्या बहिणीकडून वाकळ (गोधडी) शिवून घेतली.

गाव डोंगरावर, उतारावर जैतुनाची (ऑलिव्हची) झाडं. लोक उठता-बसता 'प्रेगो' म्हणतात. बेकरीत आपला नंबर आला की प्रेगो, बसमध्ये जागा दिली की प्रेगो.

सुनंदा म्हणाली, "माय, 'या', 'बसा', 'घ्या', 'आधी तुम्ही', सगळ्याला हेच. कुणी आभार मानले तरी हेच. आन् तू 'ग्रात्सिए' (आभार) म्हण."

"आपल्या माणसाचे कुणी आभार मानतं का? परकं करायचं का तिला?"

सुनंदा ड्यूटीवर गेल्यावर नातीला कडेवर आणि वाकळ काखेत घेऊन मी खाली गेले. रोझाबाई माझ्याच वयाची, हाताला पीठ. प्रेगो म्हणत तिनं आत घेतलं. प्रेगो म्हणत खुर्ची ओढली. मग न्योक्कीचं (बटाट्याच्या उकडलेल्या गोळ्यांचं) ताट पुढं ठेवलं. प्रेगो.

मी ताटावर आडवा हात धरला. "नको, नको." पहिल्याच वाढणीला हावऱ्यासारखं हो म्हणायची आमच्यात रीत नाही. दोन-तीनदा आग्रह झाला की हात काढायचा. रोझाबाईनं माझ्याकडं बघितलं आणि ताट उचलून नेलं.

वाकळ टेबलावर ठेवून मी उपाशीच वर आले.

संध्याकाळी सुनंदाला म्हटलं, "लई शहाणी हाय तुझी रोझाबाई. एकदा इचारलं अन् ताट उचललं."

"तू न्हाई म्हणलीस ना माय. इथं न्हाई म्हंजी न्हाई. सकाळपासून तुझ्यासाठीच गोळे वळून राहिली होती ती."

"मग यावं तिनं वर."

कळूनही मी अडून बसले. तीन आठवडे तिच्याकडं गेले नाही. जिन्यात भेटली की ती बाजूला सरायची, प्रेगो म्हणायची. मी मान वळवून उतरायची. निघायच्या सकाळी तिचं दार वाजवलं. ती बहिणीच्या गावाला गेली होती.

नांदेडहून देगलूरला येताना बसमध्ये शेजारच्या बाईनं शेंगा पुढं केल्या. मी नको म्हटलं. "घ्या ओ मावशी, लाजून राहिल्या काय?" म्हणत तिनं ओंजळीत ओतल्याच. मला त्या गोड लागल्या नाहीत.

घरी आल्यावर फोनवरून रोझाबाईला ग्रात्सिए म्हटलं. ती हसून प्रेगो म्हणाली. वाकळ तिच्या पलंगावर असते म्हणे. माझ्या लेकीला जिनं महिनाभर जेवू घातलं, तिच्या हातचा एक घास मी खाल्ला नाही. शब्द फोनवरून जातो. ताट येत नाही.