समोरचा बोल्ट

परवा मोशीत गाडी पंक्चर झाली. स्टेपनी लावताना एक नट आवळला, मग शेजारचा सोडून समोरचा, आणि ताई आठवली.

ताई चाकणच्या कंपनीत गाड्यांना चाकं बसवायची आणि गावच्या बँजो पार्टीत ड्रम वाजवायची. एका दुपारी तिनं मला ड्रमवर नवं पान चढवायला बसवलं.

“समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळ. मग प्रत्येकाजवळ टिचकी मारून ऐक. सगळीकडं आवाज सारखा आला पायजे.”

“तूच कर ना, ताई.”

“न्हाई. आता तूच करायचं.”

आवाज जुळला. बोल्ट आवळायची ड्रमची किल्ली तिनं मलाच ठेवायला दिली. ती मी गल्लीभर मिरवली. पुढच्या आठवड्यात तिचं लग्न होतं. सासरी ड्रम चालणार नव्हता, हे घरात फक्त मलाच माहीत नव्हतं.