मीठ बघा हो जरा

भाट्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी एक बाई गार नूडल्सचं सॅलड विकते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. उकडलेल्या नूडल्स ती गार पाण्यात सोडते आणि लहान मुलीच्या केसांतला गुंता काढावा तशा बोटांनी मोकळ्या करते. त्यांवर गाजर, कोबी, काकडी, भोपळी मिरची येते. मग चक्का आणि ओले काजू यांचं मलईसारखं दाट वाटण. बीट अगदी शेवटी, कारण ते आधी पडलं तर सगळंच गुलाबी होतं.

एवढं करून ती स्वतः चव घेत नाही. पहिल्या गिऱ्हाइकापुढे चमचा धरते आणि म्हणते, "मीठ बघा हो जरा."

मी एकदा कारण विचारलं. ती म्हणाली, "घरी नैवेद्य दाखवल्याशिवाय काही जिभेला लावत नाही. तीच सवय. इथे देव कुठला आणू? जो पहिला येईल तो."

तेव्हापासून मी मुद्दाम लवकर जातो. देव व्हायला कोणाला आवडत नाही? मीठ रोज बरोबरच असायचं आणि मी तसं सांगायचो.

परवा मात्र ते कमी होतं. मी चाचरतच सांगितलं. वाटलं, बाई खट्टू होणार. पण तिचा चेहरा उजळला.

"बरं झालं बोललात," वरून मीठ भुरभुरत ती म्हणाली. "रोज आपलं बरोबर म्हणायचात. मला वाटायला लागलं होतं, हेही देवासारखेच, काही वाढलं तरी गप्प."