अंथरूण धरल्याचा दिवस

मंगळवार, ता. १४ नोव्हेंबर १८९३, सकाळी साडेआठ. कल्याणच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी माझ्या आत्याच्या पोटावरील फिकट गुलाबी ठिपके बोटाने दाबून पाहिले. दाबताच ते नाहीसे होत, बोट उचलताच पुन्हा उमटत. "एंटेरिक फीवर," ते म्हणाले. एंटेरिक फीवर म्हणजे आतड्यांचा मुदतीचा ताप. यात आतड्याच्या आतून व्रण पडतात आणि ताप तीन-चार आठवडे चालतो. औषधाने तो तुटत नाही. दूध, विश्रांती आणि शुश्रूषा एवढेच हाती असते.

आज कितवा दिवस, असे त्यांनी विचारले. उत्तर आत्यानेच दिले, "चौथा." मी तापाच्या तक्त्यावर चार लिहिले.

ती शनिवारी निजली होती, त्यामुळे हिशेब बरोबर दिसत होता. पण असे ठिपके सातव्या दिवसाच्या आधी सहसा दिसत नाहीत, हे मला पाठ होते. मुंबईस वैद्यकाचे माझे तिसरे वर्ष चालू होते आणि पुस्तकातील प्रत्येक ओळ मी तपासून घेत असे. येथे मात्र मी पुस्तकाला दोष दिला. रुग्ण स्वतः परिचारिका होती. ती चुकेल असे माझ्या मनात आले नाही.

आत्या अठरा वर्षे कल्याण आणि खाडीकाठच्या गावांत घरोघरी जाऊन बाळंतिणींची आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करीत होती. विधवा झाल्यावर ती हे काम मुंबईस शिकली, आणि तिनेच पुढे भावाशी भांडून मला शिकावयास पाठविले. आता तिला घरोघरचे काम सोडायचे होते. ठाण्याच्या इस्पितळात दायांना शिकविण्याचा वर्ग निघणार होता. शिक्षिकेच्या जागेसाठी तिने अर्ज केला होता आणि तेथील मोठे डॉक्टर सत्तावीस तारखेस तिला भेटणार होते. "दारोदार हिंडून एका वेळी एकच बाई वाचवता येते," ती म्हणे. "आणि माझे गुडघे तर कधीच पेन्शनीवर गेले."

सत्तावीसला ती उभी राहू शकणार नाही, हे मला कळत होते. पण ती ठाण्याच्या इस्पितळातच असेल, तर मोठे डॉक्टर तिला खाटेवरही भेटतील, असा मी विचार केला. तिसऱ्या आठवड्यात व्रण सर्वांत नाजूक असतात. तेव्हा रुग्णास हलवू नये. माझ्या तक्त्याप्रमाणे शनिवारी, अठरा तारखेस, आठवा दिवस होता. हलवायचे तर आताच, असे मी कल्याणच्या डॉक्टरांना पटवून दिले. मी मुद्देसूद बोलले. बैलगाडीने स्टेशन, तेथून आगगाडी, पुन्हा बैलगाडी. वाटेत आत्या एकदाच बोलली: पोटाखाली उशी दे.

दोन दिवस बरे गेले. स्त्रियांच्या दालनाबाहेर एक बाक होते. तेथे बसून मी दर चार तासांनी आकडे लिहीत असे.

सोमवारी दुपारी दिवा गावाहून गोमाबाई आली. मिठागरावर काम करणाऱ्या या बाईच्या सुनेचे बाळंतपण आत्याने केले होते. फडक्यात चार अंडी बांधून तिने आणली होती. ती आत्याला चालणार नाहीत, दूधच द्यायचे आहे, ताप नवा आहे, असे मी तिला समजावले.

"नवा?" ती म्हणाली. "आमचे नातवाचे पाचवीला आली तवाच तिला ताप व्हता. चुलीफुडं बसून कापत व्हती."

पाचवी कधी झाली, हे मी दोनदा विचारले.

"तू डाक्तरीन ना गो? मंग माला काय इचारतंस?" असे म्हणून तिने बोटांवर मोजून सांगितले. पाचवी दोन तारखेस झाली होती. म्हणजे आज दहावा नव्हे, एकोणिसावा दिवस. शनिवारी मी आत्याला सतराव्या दिवशी गाडीत घातले होते.

मी आत जाऊन तिला विचारले. ती रागावली नाही. "अगं, माणूस अंथरूण धरतो तो पहिला दिवस," ती म्हणाली. "अठरा वर्षे मी सगळ्यांचे दिवस असेच मोजले. हिंडतेफिरते तोवर आजारी कसली?"

त्या गावांत असेच मोजतात. आपल्या घरांतही असेच मोजतात. ज्यांच्या घरी असा ताप येईल, त्यांनी आजारी माणूस कधी निजला हे विचारू नये. जेवण कधी नकोसे झाले, संध्याकाळी डोके कधी दुखू लागले, हे विचारावे. आणि रुग्ण जाणता असेल, तर घरच्या व बाहेरच्या आणखी दोघांना विचारावे.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता तिच्या पोटात एकाएकी कळ आली. पोट फळीसारखे ताठ झाले. मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूस नेले. "परफोरेशन," ते म्हणाले. म्हणजे व्रणाच्या जागी आतड्याला छिद्र. आता वेदना कमी करण्यापलीकडे काही करता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ते प्रवासामुळेच झाले का, असे मी विचारले. ते म्हणाले, "सांगता येत नाही. निजून असलेल्यांनाही होते." तेव्हापासून या दोन वाक्यांपुढे मी गेलेली नाही.

ताप भराभर उतरला. दालनातल्या बायका मला म्हणाल्या, तापातून सुटली हो तुमची आत्या. या आजारात असा एकाएकी ताप उतरून नाडी चढत गेली की शेवट जवळ आला, हे आम्हा दोघींनाच ठाऊक होते.

मोठे डॉक्टर तिच्या खाटेशी बसले आणि त्यांनी वर्गाचा विषय काढला. दायांना पहिल्या दिवशी काय शिकवाल, असे त्यांनी विचारले. अफूच्या गुंगीतही तिने नीट उत्तर दिले: "हात धुणे. मग दिवस मोजणे." डॉक्टरांनी ते लिहून घेतले. तिचे हे बोलणे त्यांनी परीक्षेच्या गांभीर्याने ऐकले, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

मी आता रुग्णाचे म्हणणे आणि माझे अनुमान वेगवेगळ्या रकान्यांत लिहिते.

सायंकाळी पावणेसहाला तिने आपली नाडी आपणच धरली. तिला मोजता येईना. तिने मनगट माझ्याकडे केले.

"किती? खरे सांग."

मी पूर्ण एक मिनिट मोजली, तक्त्यावर लिहिली आणि तिला सांगितली.

एकशे बावन्न.