वना नानांनी चावी दिली तो दिवस

एरंडोल तालुक्यातल्या त्या गावात वना नानांना आडनावाने कोणी ओळखत नाही. ते पाणी सोडतात, एवढी ओळख पुरते. ग्रामपंचायतीच्या टाकीवर त्यांना एकतीस वर्षं झाली. गावात चार आळ्या, प्रत्येकीला चौथ्या दिवशी पाऊण तास पाणी. रस्त्याखालचा व्हॉल्व्ह फिरवायची लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकून नाना निघाले की बायका हंडे मांडायला घेतात. ती चावी त्यांनी कोणाच्या हाती दिली नाही. लग्नाच्या पंगतीतून उठून आले, तापात कानाला मफलर गुंडाळून आले.

सातपुड्यातली मनुदेवी ही त्यांच्या पत्नीची, यशोदाबाईंची, माहेरची कुलदेवता. तिथल्या कड्यावरून पडणारा धबधबा यशोदाबाई लहानपणापासून पाहत आलेल्या. नानांनी तो कधीच पाहिला नव्हता. धबधबा वाहतो पावसाळ्यात, आणि नेमकी पावसाळ्यातच मोटर जळते, पाइप फुटतो, पाणी गढूळ येतं.

"गावले पानी पाजतस, पन पानी कसं पडस ते यास्नी देखंच नही," असा टोमणा यशोदाबाई दर भाद्रपदात मारायच्या. यंदा त्या टोमणा मारेनात. गुडघ्यांनी दगा दिला होता. एवढंच म्हणाल्या, "औंदा नही गयात, ते मंग मनाकडथीन चालनं व्हवाव नही."

म्हणून दोघे पहाटे पाचच्या एसटीने निघाले. यावलहून रिक्षा केली. त्या दिवशी चार वाजता खालच्या आळीचं पाणी होतं. बाराला तिथून हललं की वेळेत पोचता येईल, हा हिशेब नानांनी आदल्या दिवशीच पक्का केला होता.

नऊ वाजता वाटेतल्या नाल्यापाशी दोरी बांधलेली दिसली. रात्री डोंगरात जोराचा पाऊस झाला होता. तांबडं पाणी गुडघ्याच्या वर चाललं होतं. दोरीपाशी लीलाधर नावाचा वनमजूर दगडावर बसला होता.

"पाणी उतरल्याशिवाय कोणालाच सोडणार नाही, नाना."

"बरोबर शे," नाना म्हणाले. आजवर 'आज पाणी नाही' हे त्यांनी लोकांना सांगितलं होतं. आज ऐकून घ्यायची वेळ त्यांची होती. वळणापलीकडून धबधब्याचा नुसता आवाज येत होता. जणू तापीच्या पुलावरून मालगाडी चालली आहे आणि डबे संपतच नाहीत.

नानांनी पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला. तासाभराने पाणी दगडापासून चार बोटं मागे सरकलं होतं. आणखी एक तास त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "दोन वाजतील."

"तुम्हाला काय माहीत?" लीलाधर हसला.

"जन्म गेला यातच."

दोन म्हणजे चारचं पाणी चुकलं. यशोदाबाईंनी ते ओळखलं. गुडघ्यावर हात दाबत त्या उठल्या. "चला. देवीले आठूनच हात जोडू."

नानांनी तो हात पाहिला. मग खिशातून फोन काढून कोकिळाला लावला. कोकिळा खालच्या आळीतली, दोन मिनिटं पाणी कमी सुटलं तरी नानांशी भांडणारी.

"कोकिळा, चावी मना घरमा कोठीमांगे शे. ती काढ."

"नाना, तुम्हीच बोली ऱ्हायनात ना?"

"शाळापुढला व्हॉल. चारले नऊ आटे उघडजो, सावकाश. पाऊण तासमा बंद करजो."

"आन तासभर ठेवं ते?"

"ते वरली आळीन्या बाया तुले पुसतीन."

"एकतीस वरीस तुम्ही शिव्या खाध्यात. आज मी खासू," कोकिळा म्हणाली आणि हसत फोन ठेवला.

दोनला पाच कमी असताना लीलाधरने दोरी सोडली आणि यशोदाबाईंना हात देऊन पलीकडे नेलं. वळण संपलं आणि नाना थांबले.

कडा इतका उंच की माथा पाहताना टोपी पडायला झाली. वरून पाणी सुटत होतं, मधल्या कपारीवर आपटून पांढरं होत होतं, आणि खाली येईतो निम्मं धूर होऊन झाडांत पसरत होतं. पायाखालची जमीन थरथरत होती. सवयीने नानांनी मोजायला घेतलं. गावची टाकी पन्नास हजार लिटरची, ती भरायला आठ तास. ही धार तिच्यावर धरली तर? दहा मोजेपर्यंत? वीस? आकडा ठरायच्या आतच आणखी एक टाकी पडून गेलेली असायची. तीनदा त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली, मग बोटं आपोआप थांबली.

हे कोणी सोडलेलं नव्हतं. कोणी बंद करणार नव्हतं. यात पहिली आळी नव्हती की शेवटची. नानांनी टोपी काढून काखेत धरली. चेहऱ्यावर तुषार साचून हनुवटीवरून गळत होते. त्यांनी पुसले नाहीत.

यशोदाबाईंनी देवीची ओटी भरली, प्रसाद घेतला, पायरीवर बसून गुडघे चोळले. नाना तिथेच उभे. शेवटी त्या जवळ आल्या आणि आवाजावरून ओरडून म्हणाल्या, "चार वाजनात. पानी सुटनं व्हई."

नानांची नजर कड्यावरच होती.

"कोठे?" त्यांनी विचारलं.