यूपीएसच्या जागी

"पाय आत घे. अजून. हां." साहेबांनी मशीनचं मागचं दार लावलं आणि किल्ली फिरवली.

मी आत. गुडघे हनुवटीला, डाव्या कानाला प्रिंटर, हातात ब्लेड. बाहेर सरकारी खात्याचा हॉल, एसी, सूट, अत्तराचा वास. समितीची माणसं मशीन बघायला यायची होती.

टोकनचं मशीन होतं ते. सेवा केंद्रात माणूस येतो, काचेला बोट लावतो, अरबी की इंग्रजी ते निवडतो, खालच्या फटीतून नंबरची चिठ्ठी येते. हे मशीन मी बनवलेलं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या शेडमध्ये पत्रा मी वाकवला, बोर्ड मी बसवले, वायरी मी ओढल्या. प्रोग्रॅम विकतचा, पण तो प्रिंटरशी बोलेना तेव्हा तीन आठवडे मान मोडून मीच त्याला बोलता केला.

खात्यानं ही मशीनं पुरवायचं काम फक्त लहान कंपन्यांसाठी ठेवलं होतं. मोठ्यांनी अर्जच करायचा नाही. आमच्यासारख्या दहा माणसांच्या कंपनीला असं दार सहसा उघडत नाही. आणि डेमोच्या दोन दिवस आधी प्रिंटरचा कटर गेला. कागद छापून यायचा, कापला जायचा नाही. नवा कटर यायला तीन दिवस.

मी म्हटलं, "साहेब, तारीख मागून घेऊ."

"तारीख मागितली की म्हणतात, बघा, लहान कंपनी म्हणजे हे असंच. खालचा बॅटरीचा डबा, यूपीएस, बाहेर काढ. तिथे तू बस. ब्लेडनं काप, फटीतून सरकव."

मी बसलो. का बसलो ते सांगतो.

साहेब माझ्याच तालुक्यातले. माझी शाळा आठवीनंतर सुटली. मी बाजारपेठेत पंपांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करत होतो. साहेबांनी व्हिसा दिला. पहिले तीन महिने डिस्कव्हरी गार्डन्सच्या त्यांच्या घरात, हॉलमध्ये झोपायला जागा दिली. वहिनींनी गरम पोळी वाढली. मी ते विसरलो नाही. विसरूही दिलं नाही. घरी पाहुणे आले की साहेब हाक मारायचे आणि सगळ्यांसमोर विचारायचे, "काय रे आठवीवाल्या, तुला दुबई कुणी दाखवली?"

मी म्हणायचं, "तुम्ही, साहेब."

पाहुणे हसायचे. मीही हसायचो. अकरा वर्षं तोच प्रश्न, तेच उत्तर.

टेंडरच्या फाईलमध्ये काम करणाऱ्या माणसांची नावं आणि सर्टिफिकेटं लागतात. माझ्या कामापुढे नाव केदारचं लागलं. केदार म्हणजे साहेबांचा पुतण्या. दुबईत वाढलेला, इंजिनियर. मशीनचा पेचकस कुठल्या ड्रॉवरमध्ये असतो हे त्याला माहीत नाही.

बाहेर केदार इंग्रजीत बोलत होता. "फुली ऑटोमॅटिक, मॅम." कुणीतरी काचेला बोट लावलं. कागद आला. मी कापला, सरकवला. दुसरा. तिसरा. आत पंखाही बंद, आवाज येऊ नये म्हणून. घाम डोळ्यांत गेला. चौथ्याला ब्लेड बोटात शिरलं. मी तोंड दाबलं आणि तीच चिठ्ठी बाहेर सरकवली, कारण उशीर झाला असता.

बाहेर कुणीतरी चिठ्ठी उचलली.

"यावर लाल काय आहे?" बाईचा आवाज. इंग्रजी, पण सावकाश.

"इंक, मॅम," केदार म्हणाला.

"हा थर्मल प्रिंटर आहे. याला शाई नसते. मागचं दार उघडा."

दार उघडलं. उजेड. पाच-सहा माणसं वाकून बघत होती. मी पायात पाय अडकवून, मांडीवर कागदाच्या पट्ट्या, हाताला रक्त. बाई काळा झगा, अबाया घातलेल्या, समितीच्या प्रमुख.

साहेब आधी हसले. मग म्हणाले, "क्लीनर आहे, मॅडम. साफ करायला आत गेला, अडकला बिचारा."

केदार हसला. मागे आणखी कुणीतरी हसलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला हिंदीत विचारलं, "तुम कौन?"

मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी डोळे बारीक केले.

"क्लीनर, मॅडम," मी म्हणालो.

माझ्याच तोंडानं. क्लीनर असणं कमीपणाचं नाही. माझी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत झाडू मारते, मान ताठ ठेवून मारते. पण मी क्लीनर नव्हतो. मी त्या मशीनचा बाप होतो आणि त्याच्या पोटात बसून त्याला नाकारलं.

बाईंना ते खरं वाटलं नसावं. त्यांनी वहीत काही लिहिलं. "एक हफ्ता," त्या साहेबांना म्हणाल्या. "मशीन चालू करके लाओ. नहीं तो खलास." मग माझ्या बोटाकडे बघून म्हणाल्या, "पट्टी बांधो." आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. केदारनं मोबाईल काढला.

"बस रे परत आत," साहेब म्हणाले. "यांना बघू दे, आपला इंजिनियर कसा दिसतो ते."

पोरं हसली. बिहारचा वेल्डर रमेश हसला नाही, खाली बघत राहिला.

मी हललो नाही.

"ऐकू येत नाही? आठवीवाल्या, तुला दुबई कुणी दाखवली?"

"तुम्ही, साहेब," मी म्हणालो. सवयीनं. मग थांबलो. "आता दुसरं विचारा. मशीन कुणी बनवलं, ते विचारा."

कुणी हसलं नाही. केदारचा मोबाईल खाली आला.

"कटर आलाय," मी म्हणालो. "अर्ध्या तासाचं काम आहे. फाईलमध्ये माझं नाव घाला, मी बसवतो. डेमोला मी मशीनच्या पुढे उभा राहणार."

"सरकारी फाईलमध्ये आठवी नापासाचं नाव? वेडा झालास?"

"पास आहे, साहेब. आठवी पास."

"उद्या व्हिसा कॅन्सल करतो तुझा."

"करा."

त्यांनी केला. बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस आहे. बाहेरच्या माणसानं कटर बसवला आणि कागद आडवा अडकला. आठवडा संपला. काम दुसऱ्या लहान कंपनीला गेलं. साहेब सगळ्यांना सांगतात, मी त्यांचं खाल्लं आणि त्यांनाच बुडवलं.

आईनं फोनवर रडून सांगितलं, "साहेबांच्या पाया पड. देवमाणूस आहे तो." मी म्हटलं, "आई, त्यांनी दिलं ते दिलं. पोळी खाल्ली ती खाल्ली. पाया पडणार नाही."

सध्या दुबईच्या स्वस्त वस्तीत, इंटरनॅशनल सिटीत, सहा जणांच्या खोलीत आहे. व्हिसा कॅन्सल झाल्यावर देश सोडायला जे दिवस मिळतात, ते मोजतोय. दुसरा व्हिसा मिळेल की नाही, माहीत नाही. झोप लागत नाही. भीती अजून तेवढीच आहे, कमी झालेली नाही.

बोटावर व्रण राहिलाय. परत कुणी विचारलं, तुम कौन, तर उत्तर द्यायच्या आधी मी कुठल्या साहेबाच्या डोळ्यांकडे बघणार नाही.